चेऊलकर कुठले? आणि आपण तरी कुठले?

परवा रात्री आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एका वाडीत गणपतीतल्या नाटकाची तालीम बघायला गेलो होतो. वाडीचं नाव लिहीत नाही, कारण विषय एका वाडीचा नाही.

नाटकात विनोदी तलाठ्याचं काम एक नववीतला पोरगा करत होता. एंट्रीलाच अख्खी पडवी हसायला लागली. बाप सेंट्रिंगच्या कामावर विजापूरकडून आलेला, पोरगा मात्र जन्मला इथेच. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि बोलतो ते आपल्या पोलादपुरी हेलात, "काय करतंस रं" असं.

तालीम संपली आणि मंडळातले एकजण म्हणाले, "पोरगा चांगला आहे हो, पण गावच्या नाटकात गावचीच पोरं पायजेत." कोणी काही बोललं नाही. मीही नाही. वीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरणारा माणूस तिथे गप्प बसून चहा प्यायला. त्याची लाज वाटली म्हणून ही पोस्ट.

डेव्हिड आठवतात का? नाव नसेल आठवत, तर चेहरा नक्की आठवेल. टक्कल, बुटका बांधा, मिश्कील डोळे. 'गोलमाल'मध्ये अमोल पालेकरला भवानीशंकरच्या मुलाखतीची युक्ती शिकवणारे डॉक्टर केदार. 'बातों बातों में'मधले व्हायोलिन घेऊन फिरणारे अंकल टॉम. आणि १९५४ च्या 'बूट पॉलिश'मधले जॉन चाचा, अनाथ पोरांना भीक मागू नका, कष्ट करा म्हणून सांगणारे. त्या कामासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. १९६९ ला पद्मश्री.

पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल, अलिबाग तालुक्यातलं, रेवदंड्याला लागून. म्हणजे आडनावाने हा माणूस आपल्याच जिल्ह्यातला. धर्माने ज्यू, बेने इस्रायल.

या लोकांची परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी, की शेकडो वर्षांपूर्वी नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, आणि सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. त्यांचा वंश कोकणात वाढला. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायला लागले. ज्या गावात राहिले त्या गावाचं आडनाव घेतलं. चेऊलकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर. बोली मराठी, कीर्तनंसुद्धा मराठीत. पुढे बरेचजण इस्रायलला गेले, तर तिथेही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

बाहेरून आलेल्यांना गावाने नाव दिलं आणि त्यांनी ते नाव सातासमुद्रापार जपलं. यात गावाचं काय गेलं? उलट चौलचं नाव सिनेमाच्या इतिहासात लागलं.

डेव्हिड यांनी पडद्यावर जॉन केला, टॉम केला, केदार केला, 'चुपके चुपके'त हरिपद भैया केला. ख्रिश्चन, हिंदू, जे मिळेल ते. हा ज्यू आमच्या घरातला मामा कसा काय, असं कोणाला वाटलं नाही. सिनेमाबाहेर ते जाहीर कार्यक्रमांचे नावाजलेले निवेदक होते आणि वेटलिफ्टिंग संघटनेतही काम करायचे. उतारवयात कॅनडाला गेले आणि टोरांटोला वारले. म्हणजे ज्याच्या पूर्वजांना कोकणाने ठेवून घेतलं, तो स्वतः शेवटी परमुलखातला पाहुणा झाला. माणसाचं असंच असतं. कोणी येतो, कोणी जातो.

अलीकडचं उदाहरण हवं तर जॉनी लिव्हर घ्या. मूळ तेलुगू कुटुंब, जन्म आंध्रातला, वाढला मुंबईच्या झोपडपट्टीत. सातवीनंतर शाळा सुटली. रस्त्यावर पेनं विकताना नटांच्या नकला करायचा. पुढे हिंदुस्थान लिव्हरमध्ये कामगार, तिथे साहेबांच्या नकला केल्या आणि कंपनीचं नावच आडनाव म्हणून चिकटलं. चेऊलकरांना गावाने आडनाव दिलं, याला कारखान्याने. मराठी तर असा बोलतो, की ऐकत राहावं.

आता तुम्ही म्हणाल, भाऊ, सिनेमाच्या गोष्टी ठीक, पण महाडच्या एमआयडीसीत आमच्या पोरांना काम मिळत नाही त्याचं काय? बरोबर आहे. तो प्रश्न खरा आहे आणि त्यावर मी लिहीत आलोय, यापुढेही लिहीन. पण तो प्रश्न कंपनीच्या गेटवर विचारायचा असतो. नववीतल्या पोराच्या तोंडाचा रंग पुसून तो सुटत नाही.

आणि आपण कोण? पोलादपूर तालुक्यात असं एक घर दाखवा, ज्यातला कोणी मुंबईला गेला नाही. आपले आजे-पणजे गिरणीत गेले, गोदीत गेले, दहा बाय दहाच्या खोलीत पंधराजण राहिले. तिथे भजनी मंडळं काढली, नाटकं केली. परवा आक्षेप घेणारे गृहस्थही चाकरमानीच, डोंबिवलीहून सुट्टी काढून आलेले. ज्या तानाजी मालुसऱ्यांचं नाव आपण छाती फुगवून घेतो, तेही वर घाटावरच्या गोडवलीतून खाली उमरठला आले, असंच सांगतात ना?

शेजारच्या महाडात १९२७ साली चवदार तळ्यावर काय झालं ते जगाला माहीत आहे. कोणाला पाणी द्यायचं आणि कोणाला नाही, यावरून तिथे लढा द्यावा लागला. त्या तळ्यापासून तासाभराच्या अंतरावर राहून आपण स्टेजवर कोणी चढायचं आणि कोणी नाही हे ठरवणार असू, तर दर वर्षी २० मार्चला तिथे जाऊन हार घालण्यात अर्थ नाही.

रविवारी मंडळाची बैठक आहे. मी जाणार आहे आणि परवा जे बोलायला पाहिजे होतं ते बोलणार आहे. वाडीतले कोणी हे वाचत असतील तर त्यांनीही यावं. पोरगा वाईट काम करत असेल तर खुशाल काढा, नाटकाचा तो नियमच आहे. पण चांगलं करत असेल तर तलाठी तोच.

पोराला मी अजून काही सांगितलेलं नाही. काल बाजारात भेटला तर मला म्हणाला, "काका, तलाठ्याला चष्मा लावू का? अजून हसतील."

लाव म्हटलं.