ख्रिस्ती विवाह : बंधन कोणासाठी?

विवाह हा दोन व्यक्तींमधील केवळ करार नसून देवाच्या साक्षीने स्वीकारलेले आजन्म बंधन आहे, ही ख्रिस्ती विवाहकल्पनेची कोनशिला होय. त्यामुळे घटस्फोट सुलभ झाला की कुटुंबसंस्था ढासळेल, अशी भीती या समाजातील अनेक भाविकांना वाटते. ही भीती अप्रामाणिक नाही. परंतु हे बंधन मुळात कोणाच्या रक्षणासाठी सांगितले गेले आणि आपल्या देशात ते कोणाला जाचक ठरले, हे पाहिल्याखेरीज तिचे मोल ठरविता येणार नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानात परुशी येशूला विचारतात, पुरुषाने वाटेल त्या कारणावरून पत्नीला टाकावे काय? मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे सूटपत्र लिहून देण्याचा अधिकार पुरुषाचा होता आणि टाकलेल्या स्त्रीला माहेरचा वा मुलाचा आधार नसेल तर तिच्या उपजीविकेची शाश्वती नसे. अशा समाजात येशूने ही मुभा म्हणजे माणसाच्या कठोर मनाला दिलेली सवलत होती, असे सांगितले. मार्कच्या शुभवर्तमानात हाच नियम पती आणि पत्नी या दोघांनाही लावलेला आहे. मत्तयात व्यभिचाराचा अपवाद येतो. त्याचा अर्थ कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट परंपरा वेगवेगळा लावतात. तथापि एक गोष्ट वादातीत आहे. ज्याच्या हाती टाकून देण्याचे सामर्थ्य होते, त्याच्यावर घातलेला हा निर्बंध होता.

भारतात नेमके याच्या उलट घडले. इंग्लंडमधील १८५७ च्या कायद्याचा आदर्श पुढे ठेवून येथे १८६९ चा घटस्फोट कायदा करण्यात आला. पत्नीचा व्यभिचार सिद्ध झाला की पतीला घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र पतीचा व्यभिचार पुरेसा नसे. त्याच्या जोडीला क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग किंवा अन्य गंभीर दोष सिद्ध करावा लागे. केवळ मारहाण होते वा नवरा सोडून गेला, एवढ्यावर तिला फार तर न्यायालयीन विभक्तता मिळे. पुनर्विवाहाची वाट बंदच राही. निर्वाहभत्त्यावर पतीच्या उत्पन्नाच्या एक-पंचमांशाची मर्यादा होती. इंग्लंडने १९२३ मध्ये व्यभिचाराबाबतची विषमता दूर केली आणि १९३७ मध्ये क्रूरता व परित्याग ही स्वतंत्र कारणे मान्य केली. वसईच्या कॅथलिक किंवा नगर जिल्ह्यातील प्रॉटेस्टंट स्त्रीला मात्र जुनाच कायदा लागू राहिला. हिंदू दांपत्यांना १९७६ मध्ये परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची सोय मिळाली. ख्रिस्ती दांपत्यांना ती मिळण्यास आणखी पंचवीस वर्षे लागली.

विधि आयोगाने १९६० आणि १९८३ मध्ये सुधारणा सुचविल्या होत्या. अखेर १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने आणि १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरविली, तेव्हा संसदेला जाग आली. २००१ च्या दुरुस्तीने दोघांना समान कारणे दिली आणि एक-पंचमांशाची मर्यादाही काढून टाकली. या मागणीमागे ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांबरोबर निरनिराळ्या चर्चचे प्रतिनिधीही होते, हे धर्म आणि सुधारणा यांना परस्परविरोधी मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

चर्चच्या न्यायासनाची गोष्ट निराळी. कॅथलिक चर्च घटस्फोट देत नाही. विवाह प्रारंभापासूनच अवैध होता, एवढेच ते जाहीर करते. अशा विवाहातील मुलांना चर्च अनौरस मानत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सोपी केली आणि ती शक्य तेथे विनामूल्य असावी असे सुचविले. परंतु चर्चच्या निर्णयाने कायद्याच्या दृष्टीने विवाह संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे भाविक स्त्रीला दोन दारे ठोठवावी लागतात, आणि दोन्हीकडे वेळ व पैसा खर्च होतो.

कुटुंबावरील परिणामांचा विचारही याच व्यवहारी पातळीवर झाला पाहिजे. घर मोडले की एकाच मिळकतीवर दोन चुली पेटतात. भाडे दुप्पट होते, शाळेची फी मात्र कमी होत नाही. आणि वर्षानुवर्षे घरकाम केल्याने जिने नोकरीचा अनुभव गमावला, तिच्या वाट्याला या तुटीचा मोठा भाग येतो. मुलांच्या मनाला होणारी जखमही खरीच. पण ती न्यायालयाच्या हुकूमनाम्याने होते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. रोजचा कलह, मारहाण किंवा बापाचे न परतणे ही हुकूमनाम्याच्या कितीतरी आधीची असतात. जुन्या कायद्याने अशी घरे सांधली नाहीत. ती मोडली आहेत हे मान्य करण्यास फक्त नकार दिला.

म्हणून ख्रिस्ती समाजाने आपला कटाक्ष घटस्फोटाच्या अर्जाकडून परित्यागाकडे वळविणे अगत्याचे आहे. विवाहपूर्व मार्गदर्शनात प्रार्थनेबरोबर मिळकत, कर्ज, मद्यपान आणि घरकामाची वाटणी यांवरही मोकळेपणाने बोलले जावे. तंटा प्रथम धर्मगुरूंच्या कानी जातो. तेथे स्त्रीला सहन करण्याचा उपदेश मिळतो, तसा पुरुषाला पोटगी चुकती करण्याचा आग्रहही झाला पाहिजे. पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांनी मालमत्ता व उत्पन्न शपथेवर जाहीर करावे आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. हा कायदा झाला. त्याला मंडळीच्या नैतिक धाकाची जोड मिळाली तर त्याचा उपयोग अधिक.

विवाहाचे पावित्र्य राखणे म्हणजे दार बाहेरून बंद करणे नव्हे. टाकलेल्या स्त्रीचा आणि तिच्या मुलांचा भार कोण उचलतो, यावरच त्या पावित्र्याची परीक्षा होणार आहे.