काळाची साक्ष देणारे सुटे भाग

युरोपातल्या अभिलेखागारांत अशी असंख्य छायाचित्रे पडून आहेत, ज्यांच्या पाठीवर ना टिपणाऱ्याचे नाव आहे ना तारीख. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारा सायकलस्वारांचा लोंढा, रेल्वे स्थानकाबाहेर दाटीने लावलेल्या काळ्या सायकली, पुलावरून कचेरीकडे निघालेली माणसे. सूचीकार अशा चित्राखाली ‘सुमारे १९५०’ एवढे लिहून पुढे जातो आणि त्या ‘सुमारे’ शब्दाच्या पोटात एक महामंदी आणि एक महायुद्ध बिनबोभाट गडप होते. ॲमस्टरडॅममधले तेच चित्र १९३८चे असेल तर त्यातली माणसे सरत्या शांततेची आहेत, १९४३चे असेल तर परसत्तेच्या टाचेखालची आणि १९५३चे असेल तर उद्ध्वस्त देश पुन्हा उभारू पाहणारी. इमारती आणि ओव्हरकोट या तिन्ही काळांत जवळपास सारखेच दिसतात. सायकली तशा दिसत नाहीत. म्हणूनच दिवा, मडगार्ड, टायर, हब पाहून छायाचित्राचा काळ ठरवण्याचा उद्योग वरकरणी हौशी मंडळींचा विरंगुळा वाटला, तरी पुराव्याच्या एका फार जुन्या शास्त्राचा वारसा त्याच्याकडे आला आहे.

त्या शास्त्राची एक ठळक सुरुवात १४४० साली इटलीत झाली. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेचे राज्य पोपला दान केल्याचा दस्त शतकानुशतके चर्चच्या ऐहिक सत्तेचा आधार मानला जात होता. लोरेन्झो वाल्ला या पंडिताने त्यातली भाषा तपासली आणि चौथ्या शतकातल्या रोममध्ये ज्यांचे काहीच काम नव्हते अशा ‘सत्रपां’सारख्या पदव्या दाखवून तो दस्त बनावट ठरवला. १६८१ मध्ये फ्रान्सच्या झाँ माबियों या बेनेडिक्टाइन साधूने जुन्या सनदांची लिपी, शाई, मोहोर आणि मायने तपासण्याची पद्धत ग्रंथबद्ध केली. दोघांच्या कामामागचे तत्त्व एकच होते: खोटे रचणारा माणूस दस्ताच्या मुख्य आशयाची काळजी घेतो, पण ज्या बारीकसारीक गोष्टींकडे कुणाचे लक्ष जाणार नाही असे त्याला वाटते, तिथे त्याचा स्वतःचा काळ उघडा पडतो.

एकोणिसाव्या शतकात हेच तत्त्व कागदावरून वस्तूंकडे आले. कोपनहेगनच्या संग्रहालयात ख्रिस्तियन थॉमसन यांनी दगड, कांसे आणि लोखंड अशा तीन युगांत प्राचीन वस्तूंची मांडणी केली आणि १८३६ साली ती छापून प्रसिद्ध केली. पुढच्या पिढीत स्वीडनच्या ऑस्कर माँटेलियस यांनी वस्तूंच्या घडणीतला क्रम लावून काळ ठरवण्याची रीत पक्की केली आणि ती पटवून देण्यासाठी कुऱ्हाडी व तलवारींच्या जोडीला रेल्वेचा डबा उदाहरणादाखल घेतला. सुरुवातीचे डबे म्हणजे रुळांवर चढवलेल्या घोडागाड्याच होत्या. पुढे डबा लांबलचक झाला, तरी बग्गीची ती वक्र रेषा त्याच्या अंगावर निव्वळ शोभेची म्हणून बराच काळ टिकली. गरज संपल्यावरही मागे राहणारा असा अवशेष वस्तूचा वंश सांगतो, हा माँटेलियस यांचा धडा सायकलीला जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल, कारण कार्बाइडचा दिवा अडकवण्यासाठी हँडलखाली बसवलेली लोखंडी पट्टी विजेचा दिवा सर्वत्र रुळल्यावरही कित्येक दशके इंग्रजी सायकलींवर तशीच येत राहिली.

सायकलीची अडचण अशी की तिचे मोठे बदल फार लवकर आटोपले. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची जवळपास सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली ‘रोव्हर’ आली. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचा टायर आणला. शतक पालटताना फ्रीव्हील रूढ झाले आणि उतारावर पाय स्थिर ठेवणे शक्य झाले. १९०३च्या सुमारास नॉटिंगहॅममधून स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब आणि जर्मनीतल्या श्वाइनफुर्टमधून उलटे पेडल मारताच ब्रेक लावणारा ‘टॉर्पेडो’ हब बाजारात आला. म्हणजे वीस वर्षांच्या आत कामावर जाणाऱ्या माणसाच्या सायकलीचा सांगाडा पूर्ण झाला आणि पुढची सत्तर वर्षे तो जवळजवळ हललाच नाही. त्यामुळे नुसती फ्रेम पाहून १९१० आणि १९५० यांतला फरक सांगणे अवघड. तो सांगतात नंतर चढवलेल्या किरकोळ गोष्टी. टायरला घासून वीज करणारा डायनामो बॉशने १९२३ मध्ये आणला, चकाकत्या क्रोमने निकेलची जागा १९३०च्या आगेमागे घेतली, हबच्या पोटातच वीज तयार करणारा स्टर्मी-आर्चरचा ‘डायनोहब’ १९३६चा. स्टर्मी-आर्चरच्या अनेक हबांवर तर उत्पादनाचे वर्षच ठोकलेले असते. छायाचित्रात ते आकडे वाचता येत नाहीत, पण हबचा फुगीर घेर दिसतो आणि जाणत्या डोळ्याला तेवढे पुरते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या खुणांत एक हात ठळक झाला, तो सरकारचा. फ्रान्सने १८९३ पासूनच सायकलीवर कर बसवला होता, बेल्जियमचे प्रांत आपापले बिल्ले काढत होते, स्वित्झर्लंडमध्ये सायकलीच्या वार्षिक नंबरपट्टीची जागा १९८९ पासून चिकटपट्टीने घेतली आणि ती पद्धत २०११ अखेरपर्यंत चालली. नेदरलँड्सने १९२४ मध्ये तीन गिल्डरचा कर लावून सायकलीच्या पुढच्या भागावर धातूचा बिल्ला सक्तीचा केला. महामंदीत बेकारांना तो फुकट मिळू लागला, पण त्याला भोक पाडलेले असे, जेणेकरून फुकट कोण फिरतो ते रस्त्यावरच कळावे. हँडलखाली चमकणारा तो लहानसा ठिपका आज संशोधकाला चित्र १९२४ ते १९४१ या सतरा वर्षांत नेऊन ठेवतो. त्या वेळी तो माणसाची ऐपत चव्हाट्यावर मांडत होता. ब्रिटनमध्ये मागच्या मडगार्डवर आलेला पांढरा पट्टाही याच दशकांतला, मोटारींची संख्या वाढल्यावर जीव वाचवण्याची जबाबदारी सायकलवाल्यावर टाकणाऱ्या कायद्याचा. करवसुली असो की सुरक्षा, सत्तेने सामान्य माणसाच्या वाहनावर आपली मोहोर उठवली आणि नकळत इतिहासकाराचे काम सोपे करून ठेवले.

युद्धाने तर सायकलीवर जणू रोजनिशीच लिहिली. सप्टेंबर १९३९ पासून काळोख पाळण्याच्या हुकमामुळे दिव्यांवर फट ठेवलेली झाकणे चढली आणि चकाकणाऱ्या भागांना काळा रंग लागू लागला. नेदरलँड्समध्ये जून १९४२ मध्ये ज्यूंना सायकली जमा करायला लावले, जुलैमध्ये जर्मन सैन्याने इतरांच्याही हिसकावल्या. समुद्रापारहून येणारे रबर युद्धामुळे आटले होते आणि लोक बागेतल्या पाण्याच्या नळीचे किंवा लाकडाचे टायर लावून फिरू लागले. म्हणून ज्या चित्रात करड्या, ओबडधोबड, हवा नसलेल्या टायरांवर बाया-बापड्या चाललेल्या दिसतात, त्याच्याखाली ‘सुमारे १९५०’ लिहिणे ही केवळ तारखेची चूक ठरत नाही. त्यामुळे त्या माणसांवर कोसळलेले संकटच पुसले जाते. जून १९४४ मध्ये गेस्टापोने ठार केलेले फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लोक यांनी आपल्या अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथात जाणूनबुजून सांगितलेल्या साक्षीपेक्षा नकळत मागे राहिलेल्या साक्षीवर अधिक भर दिला होता. ज्या काळात ते लिहीत होते, त्या काळातली अशी साक्ष रस्त्यावर लाकडी टायरांवर खडखडत होती.

युद्धानंतरची खूण शोधायला सोपी आहे. गर्दीत पुढच्या चाकावर इंजिनाचा डबा असलेली ‘व्हेलोसोलेक्स’ दिसली तर चित्र १९४६ नंतरचे. लहान चाकांची ‘मोल्टन’ दिसली तर १९६२ नंतरचे. डच सायकलीच्या चाकांवर प्रकाश परतवणाऱ्या पांढऱ्या कड्या असतील तर बहुधा १९८७च्या सक्तीनंतरचे. पण याच काळात चित्रातल्या सायकलीच कमी होत गेल्या. सुबत्ता आली की सायकल हे गरिबीचे लक्षण ठरते, शहरे मोटारींसाठी फोडली जातात आणि एखादे संकट आल्यावर तीच सायकल पुन्हा आठवते, हा फेरा युरोपने एका शतकात अनेकदा अनुभवला. १९६७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या पोटातून महामार्ग नेण्याची वाहतूक नियोजनकार योकिनेन यांची योजना गांभीर्याने मांडली गेली. सहाच वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९७३ रोजी, तेलटंचाईमुळे त्याच देशात मोटारीविना रविवार पाळावा लागला. २०२० च्या महासाथीत पॅरिसपासून अनेक शहरांनी घाईघाईने सायकलींसाठी मार्गिका आखल्या आणि दुकानांत सायकली मिळेनाशा झाल्या. प्रत्येक वेळी हा शोध नवा असल्यासारखा साजरा झाला, कारण मागच्या वेळची चित्रे बिनतारखेच्या फडताळात पडून होती.

इथे कालनिर्णयाचा मूळ नियम ध्यानात घ्यावा लागतो. चित्रातला सर्वांत नवा भाग ‘याच्या आधीचे नाही’ एवढेच सांगतो. सर्वांत जुना भाग तारखेबद्दल काहीच सांगत नाही, कारण माणसे वस्तू टाकून देत नाहीत, दुरुस्त करतात. १९२६ची फ्रेम, १९३९चे मागचे चाक आणि १९५१चा दिवा एकाच सायकलीत सुखाने नांदतात. या नियमाची खरी कसोटी युरोपबाहेर लागते. रॉडचे ब्रेक आणि २८ इंची चाके असलेली ब्रिटिश सायकल भारतात आधी आयात होऊन आली आणि नंतर इथेच मोठ्या प्रमाणावर बनू लागली, चीनच्या ‘फ्लाइंग पिजन’ने १९५० मध्ये तोच साचा उचलला. नॉटिंगहॅमने ज्या घडणीला कधीच निरोप दिला, ती महाराष्ट्राच्या गावोगाव दूधवाल्याच्या आणि पेपर टाकणाऱ्याच्या हाताखाली एकविसाव्या शतकातही चालली. युरोपच्या कालपट्टीने सोलापूरच्या गिरणीबाहेरचे चित्र मोजले तर तीस-चाळीस वर्षांची चूक सहज होईल. तिथे तारीख सांगायची झाली तर ती नगरपालिकेचा पितळी बिल्ला, प्लॅस्टिकची मूठ किंवा नायलॉनच्या पिशवीसारखी एखादी स्थानिक गोष्टच सांगेल.

आज हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. अभिलेखागारे झपाट्याने संगणकावर चढवली जात आहेत आणि सूचीकाराचा ‘सुमारे’ तिथे नोंदीचे ठाम वर्ष होऊन बसतो. दुसरीकडे सांगाल त्या दशकाचे ‘जुने’ छायाचित्र क्षणात रचणारी यंत्रे आली आहेत. अशा चित्रांत धुके, ओव्हरकोट आणि ओले दगडी रस्ते बेमालूम उतरतात. चूक होते ती साखळी कुठून कुठे जाते, ब्रेकची सळी कशाला जोडलेली आहे आणि १९३८ च्या मडगार्डवर १९८० चा दिवा कसा आला, इथे. वाल्लाला सापडलेले सत्रप ते हेच. मात्र वाल्लाला जुनी लॅटिन येत होती म्हणून ते दिसले. सळीचा ब्रेक कसा चालतो हे ठाऊक असलेली माणसे संपली की ही चूक उघड्यावर असूनही कुणाला दिसणार नाही. ती विद्या विद्यापीठांपेक्षा दुरुस्तीच्या दुकानांत आणि संग्राहकांच्या वह्यांत जास्त आहे आणि तिची रीतसर नोंद ठेवण्याची निकड अजून फार थोड्या संस्थांना वाटते.

एखाद्या युगाची ओळख आपण त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूवरून करतो: हे विमानाचे युग, ते संगणकाचे. तारीख त्यावरून कळते हे खरे, पण त्या युगातले आयुष्य मागून आलेल्या, ठिगळ लावलेल्या, उसनवार घेतलेल्या वस्तूंवर चाललेले असते. १९५०च्या दशकातल्या नियोजनकारांना सगळीकडे मोटार दिसली आणि तिच्या शेजारून जाणारी सायकलींची रांग दिसली नाही, कारण त्यांनी फक्त नवा भाग मोजला. त्या दुर्लक्षाची भरपाई युरोपातली शहरे आजही रस्ते पुन्हा अरुंद करून करत आहेत. मेट्रो आणि उड्डाणपुलांवरून आपल्या प्रगतीचे वर्ष ठरवणाऱ्या आपल्या शहरांनीही त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या जुन्या सायकली मोजायला आताच सुरुवात केली, तर ती भरपाई आपल्याला स्वस्तात पडेल.