काविळीचे खापर पाणीपुरीवाल्यावर फोडण्याआधी सोसायटीची टाकी उघडून बघा

"डॉक्टर, परवा बाहेर पाणीपुरी खाल्ली, त्यानेच कावीळ झाली." पावसाळा सुरू झाला की हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकायला मिळते. पाणीपुरीवाल्याच्या स्वच्छतेची हमी मी घेत नाही, पण साधा हिशेब करू. हिपॅटायटिस ए किंवा ई चा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत साधारण दोन आठवडे ते दोन महिने लागतात. म्हणजे परवाच्या पाणीपुरीने आज कावीळ होणे शक्य नाही. प्रश्न असा विचारायला हवा, की महिन्याभरापूर्वी तुम्ही कुठले पाणी पीत होता? उत्तर बहुतेक वेळा "घरचेच" असे येते. आणि त्याच बिल्डिंगमध्ये आणखी दोघा-तिघांना कावीळ झालेली असते.

माझे मत स्पष्ट आहे. शहरातली अशी बरीचशी कावीळ, टायफॉइड आणि जुलाब हे आधी प्लंबिंगचे आजार आहेत आणि मग पोटाचे.

घाण पाण्यात मिसळते कशी?

महापालिकेचे पाणी तुमच्या नळाला थेट येत नाही. ते आधी जमिनीखालच्या टाकीत पडते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग घरात उतरते. मीटरच्या पुढची ही सगळी वाट सोसायटीची असते.

जमिनीखालची टाकी अनेक ठिकाणी पार्किंगमध्ये असते आणि ड्रेनेजचे चेंबर तिच्यापासून चार पावलांवर. टाकीचे झाकण जमिनीच्या पातळीला. चेंबर तुंबले, पाऊस जोराचा झाला की मैल्याचे पाणी पसरते आणि झाकणाच्या फटीतून आत जाते. टाकीच्या भिंतीला तडा असेल तर पावसाचीही गरज नाही.

दुसरी वाट पाइपमधून. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येते. पुरवठा बंद झाला की पाइपमधला दाब उतरतो. पाइप कुठे फुटलेला असेल आणि भोवतीची माती गटाराच्या पाण्याने भिजलेली असेल, तर ते पाणी आत ओढले जाते. सकाळी पहिली पाच मिनिटे गढूळ, वासाचे पाणी येते ना? ते का, हे आता लक्षात आले असेल.

१९५५-५६ साली दिल्लीत नाल्याचे सांडपाणी यमुनेतल्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई ची होती, हे अनेक वर्षांनी जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर कळले. तिथे जे शहराच्या पातळीवर घडले, तेच लहान प्रमाणात एका बिल्डिंगमध्ये घडू शकते.

"पण आमच्याकडे आरओ आहे!"

छान. दात कशाने घासता? कोथिंबीर, काकडी कुठल्या नळाखाली धुता? मुले आंघोळ करताना तोंडात पाणी घेतात, ते कुठले? कामाला येणाऱ्या मावशी आणि गेटवरचा वॉचमन कुठले पाणी पितात? आरओ फक्त एका नळाला असतो. दूषित टाकी सगळ्या नळांना असते.

आणि हे "चार दिवस विश्रांती, मग बरे" असे नेहमीच नसते. हिपॅटायटिस ई बहुतेकांना सोडून जातो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर यकृत निकामी होऊन मृत्यू होण्याचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे. तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणाची तरी मुलगी बाळंतपणाला माहेरी येतेच. ती येण्याआधी पाळणा धुऊन ठेवता, टाकी कोण धुणार?

खर्चाचे रडगाणे

वार्षिक सभेत बाहेरच्या रंगकामाच्या छटेवर दोन तास वाद होतो. लॉबीत ग्रॅनाइट बसते. टाकीला वॉटरप्रूफिंग करायचे म्हटले की "पुढच्या वर्षी बघू". ही काटकसर नव्हे. हा खर्च तुम्ही करताच, फक्त सोसायटीच्या खात्यातून न करता हॉस्पिटलच्या बिलातून करता. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींनुसार पाण्याच्या टाक्या, पाइप आणि ड्रेनेज यांची देखभाल संस्थेची जबाबदारी आहे. कमिटीवर उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागा.

काय मागायचे?

१. टाकीचे झाकण जमिनीपासून उंच, घट्ट आणि कुलूपबंद हवे. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी हवी.

२. गळतीची तपासणी फुकट होते. रात्री टाकी भरा, आत येणारे पाणी आणि पंप दोन्ही बंद ठेवा, पातळीवर खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर गळती आहे. टाकी रिकामी केल्यावर भिंतीतून पाणी झिरपत आत येत असेल, तर ती टाकी दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

३. वर्षातून किमान दोनदा, त्यातले एकदा पावसाळ्याआधी, दोन्ही टाक्या घासून ब्लीचिंगने निर्जंतुक करा. तारीख टाकीवर रंगवा. ड्रेनेजच्या कामाची बादली, झाडू, दोर टाकीत जाता कामा नये.

४. क्लोरीन तपासा. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळायला हवे. त्याचे साधे किट मिळते. कमी असेल तर हजार लिटरला चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून, वरची निवळी टाकीत घाला आणि तासभर थांबा.

५. सेप्टिक टँकमध्ये किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त असला की नाकाला वास येणेच बंद होते, आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. वाचवायला उतरणाराही जातो. धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. जेटिंग मशीन बोलवा.

६. घरात कावीळ झाली तर लपवू नका. त्याच दिवशी सेक्रेटरींना सांगा. एक रुग्ण म्हणजे टाकी उघडण्याचे कारण, आणि तपासणी होईपर्यंत सगळ्यांनी पाणी उकळून प्यायचे.

काविळीचा माळ घालून उतारा करणारे, झाडपाल्याची पुडी देणारे तुम्हाला लगेच आठवतात. पुढच्या वेळी त्यांच्याआधी प्लंबर आठवा. या रविवारी दोन शेजाऱ्यांना बरोबर घ्या, चावी मागा आणि टॉर्च मारून टाकीत बघा. आत जे दिसेल, तेच पाणी तुम्ही पीत आहात.