सव्वा तास, पण कुठून?

सांबऱ्याच्या विमानतळावरून मुंबई सव्वा तासावर आली, असं बेळगावात कौतुकानं सांगतात. हवाई अंतर साधारण 400 किलोमीटर. गाडीनं निघालेला माणूस तेवढ्या वेळात कोल्हापूरही गाठत नाही. आकडा खोटा नाही. फक्त तो धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा आहे, आणि धावपट्टीवर कुणी राहत नाही.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटीचा प्रवासी घ्या. जांबोटी बेळगावच्या एका अंगाला, सांबरा दुसऱ्या अंगाला. कुसमळी, किणये, पिरनवाडी करत यायचं आणि मग अख्खं शहर ओलांडायचं. चाळीसेक किलोमीटर, म्हणजे हवाई अंतराचा जेमतेम दहावा हिस्सा. पावसाळ्यात मात्र वेळ विमानापेक्षा जास्त. चोर्ला घाटाचा हा रस्ता कागदावर राष्ट्रीय महामार्ग आहे. प्रत्यक्षात खड्डा चुकवायला ट्रक समोरच्याच्या बाजूत शिरतो. कुसमळीचा मलप्रभेवरचा जुना पूल 2025 मध्ये पाडला, तेव्हा काही काळ वाहतूकच वळवावी लागली. विमानतळावरचा चेक-इन काउंटर तर तासभर आधीच बंद होतो. त्यामुळे सकाळचं विमान असेल तर शहाणा माणूस आदल्या संध्याकाळच्या बसनं निघतो आणि बेळगावात पाहुण्यांकडे मुक्काम करतो. हा झाला सव्वा तासाचा प्रवास.

गोव्यातला मोपा विमानतळ आहे की, असं कुणी म्हणेल. 2023 च्या जानेवारीपासून तिथून विमानं उडतात. पण वाटेत चोर्ला घाट आहे. रस्ता तोच, तोंड फक्त दुसरीकडे.

बेळगाव 2019 मध्ये ‘उडान’ योजनेत आलं. या योजनेत तिकीट स्वस्त ठेवायचं आणि कंपनीला येणारी तूट सरकारनं तीन वर्षं भरून द्यायची. त्या तुटीचा पाचवा हिस्सा राज्याच्या तिजोरीतून. तिकिटाची मर्यादा ठरते ती हवेतल्या अंतरावर. जांबोटी ते सांबरा हा टप्पा त्या हिशेबात बसत नाही. सरकारच्या लेखी प्रवासी विमानतळाच्या दारातच उगवतो.

याच भागातल्या आमगावात 2024 च्या पावसाळ्यात आजारी बाईला गावकऱ्यांनी खांद्यावरून जंगलाबाहेर आणलं. अभयारण्य आहे, रस्ता करता येत नाही, हे उत्तर तयार असतं. मान्य करू. कुसमळी ते पिरनवाडी तर अभयारण्यात नाही ना?

बेळगावहून आणखी एका शहराला विमान हवं, ही निवेदनं नेमानं जातात. जावीत. विमानाची वेळ धरून खानापूर तालुक्यातून सांबऱ्यापर्यंत एक थेट बस सोडा, अशी मागणी मात्र ऐकिवात नाही. अशा बसला ना धावपट्टी लागते, ना दिल्लीची परवानगी.