सव्वाचार इंचांचे भोक

दिवाळीचा फराळ ही मोठी धोक्याची गोष्ट आहे. चकलीचा पहिला तुकडा तोंडात जातो न जातो, तोच यजमान आपले बेत सांगू लागतो आणि तोंड भरलेले असल्यामुळे पाहुण्याला विरोध करता येत नाही. नेरुळातल्या आमच्या एका शेजाऱ्यांनी – त्यांना आपण भाऊसाहेब म्हणू – गेल्या दिवाळीत आम्हाला असेच गाठले.

“नाना, यंदा नाताळात मॉरिशस! आठ दिवस, चार मैदाने. नुसता गोल्फ!”

बेत मोठ्या निगुतीने आखला होता. इल ओ सर्फ या बेटावर बर्नहार्ड लँगर या जर्मन खेळाडूने आखलेले अठरा भोकांचे मैदान आहे. तिथे होडीने जायचे. दुसऱ्या दिवशी बेल ओंब्र. डिसेंबरात तिकडे उन्हाळा, म्हणून खेळ सकाळी लवकर उरकायचा. विमानात काठ्यांच्या थैलीला किती वजन चालते, तोवर वहिनींनी किनाऱ्यावर काय करायचे, सारे वहीत टिपलेले. इथवर आमची काही तक्रार नव्हती. ज्याने त्याने आपल्या पैशाने आपला चेंडू हवा तिथे मारावा.

पण भाऊसाहेब पुढे म्हणाले, “आपल्या खाडीकाठी मैदान झाले असते ना, तर सरावाला खारघर गाठावे लागले नसते. त्या पाखरवेड्यांनी सगळा घोळ घातला!”

एव्हाना आमची चकली संपली होती. त्यामुळे विरोध सुरू झाला.

वाचकहो, हे प्रकरण असे आहे. नेरुळला एनआरआय वसाहतीमागे खाडीलगत पाणथळ जागा आहे. तिथे गोल्फचे मैदान आणि इमारती उभारण्याचा सिडकोचा बेत होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला नकार दिला आणि सिडको सर्वोच्च न्यायालयात गेली. भाऊसाहेबांना यात दिसतात ती फक्त पाखरे. आम्हाला आणखी पुष्कळ काही दिसते.

आधी पाखरांचेच बोलू. हिवाळा लागला की कच्छकडून रोहित पक्षी ठाणे खाडीत उतरतात आणि ओहोटीच्या चिखलात चरतात. भरती आली की तो चिखल बुडतो. तेवढे तास पाय टेकायला त्यांना काठची ही उथळ तळी लागतात. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर यादीचा मान मिळाला. नवी मुंबई स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते आणि चौकाचौकांत त्या पक्ष्यांचे पुतळे उभारते. पुतळे उभारायचे आणि तळी बुजवायची, हा न्याय कुठला? भाऊसाहेबांच्या इल ओ सर्फचा अर्थ ‘हरणांचे बेट’. हरणे तिथे आता नावापुरतीच उरली आहेत. आपणही चौकातल्या पुतळ्यांवर समाधान मानायचे काय?

आता माणसांचे बोलू. हे शहर भरावावर उभे आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले तर पाणी जायचे कुठे, हे ओळखून सिडकोनेच ठिकठिकाणी धारण तलाव बांधले. शहाणपणाची गोष्ट! मग निसर्गाने फुकट दिलेली तळी का खुपावीत? २६ जुलै २००५ ज्याने पाहिला आहे, त्याला पाण्याच्या जागेची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

“पण नाना, गोल्फ म्हणजे तरी काय? हिरवळच ना!”

हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. अठरा भोकांच्या मैदानाला साधारण सव्वाशे-दीडशे एकर जमीन लागते. भोक असते सव्वाचार इंचांचे. बाकी सारे गवत. त्यालाही पाणी पाजायचे, खत घालायचे आणि दुसरे काही उगवले की उपटायचे. खाडीकाठच्या तिवरांना कोणी पाणी घालत नाही, आणि तरी ती काठ धरून ठेवतात. रंग एक असला म्हणून गुण एक होत नाही.

आणि ही जमीन आली कुठून? १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पंचाण्णव गावांची भातशेती नि मिठागरे नव्या शहरासाठी घेतली गेली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. मुंबईत राहायला जागा नाही, म्हणून ती जमीन घेतली होती. चेंडू लांब जावा म्हणून नव्हे.

मॉरिशसची कथाही फार निराळी नाही. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तिथे गेले. त्यांत आपल्या कोकणातली माणसेही होती. त्यांनी ऊस तोडला. भाऊसाहेबांचे बेल ओंब्र हा असाच जुना उसाचा मळा होता. आज मळ्याच्या जागी गवत आहे, आणि त्या मजुरांची पणतवंडे तिथे अजून गणपती बसवतात. गोव्याच्या टोकाला तेरेखोलला गोल्फचा बेत आला, तेव्हा गावकऱ्यांनी विरोध केला तो यामुळेच: एकदा जमीन खेळाची झाली की ती पुन्हा पोटाची होत नाही.

आम्ही खेळाचे वैरी नाही. मुंबईच्या बेटावर इंग्रजांनी १८४२ सालीच गोल्फचा क्लब काढला, आणि खारघरच्या डोंगरापायथ्याशी सिडकोचे मैदान आहे. तिथे खुशाल खेळावे. भाऊसाहेब, मॉरिशसलाही जरूर जा. फक्त एक सकाळ पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटासाठी ठेवा. ज्या पायऱ्यांवरून आपली माणसे त्या बेटावर चढली, त्यांवर वहिनींसह घटकाभर उभे राहा.

आणि परतल्यावर नातवंडांना घेऊन खाडीच्या बांधावर या. भरतीची वेळ काढायला कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला सुमारे सहा, दशमीला साडेसात. दशमीच्या सकाळी या. त्या वेळी तळ्यावर जागा मिळवायला गुलाबी गर्दी उडालेली असते. ती डोळे भरून पाहा, आणि मग आम्हाला सांगा, यांतली कुठली जागा तुमच्या भोकासाठी रिकामी करायची.