एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे लिव्हर ठणठणीत? रिपोर्टमधला न छापलेला आकडा बघा

सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' लिहून येतं. मग रक्त तपासतात, एसजीपीटी नॉर्मल येतं आणि घरातले सगळे निर्धास्त होतात. विषय संपला.

पण खरंच संपला का?

लिव्हरमध्ये चरबी किती आहे, यापेक्षा तिथे व्रण किती साचलेत, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा असतो. या व्रणांना फायब्रोसिस म्हणतात. ते वाढत गेले की सिरोसिस. एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींमधलं एन्झाइम. पेशी दुखावल्या की ते रक्तात उतरतं. म्हणजे सध्या किती पेशी दुखावतायत, याचा अंदाज येतो. आजवर किती व्रण साचले, हे त्यातून कळत नाही. फायब्रोसिस बराच पुढे गेलाय आणि एसजीपीटी नॉर्मल आहे, असे रुग्ण डॉक्टरांना नेहमी दिसतात.

इथे कामाला येतो 'फिब-४' नावाचा स्कोअर. २००६ मध्ये तो एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी तयार झाला. आज फॅटी लिव्हरमध्ये पहिली चाळणी म्हणून जगभर तोच वापरतात. लागतं काय? वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स. बस्स.

समजा वय ५२, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स १ लाख ६० हजार. बहुतेक लॅबच्या हिशोबाने सगळं नॉर्मल. आता वय गुणिले एसजीओटी, म्हणजे १९७६. प्लेटलेट्स हजारात धरायच्या, म्हणजे १६०. त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने, म्हणजे ६ ने गुणायचं. झाले ९६०. भागाकार येतो साधारण २.०६.

१.३ च्या खाली असेल तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर धोका जास्त. आपलं उदाहरण मधेच लटकलंय. म्हणजे एकही आकडा लाल नाही, तरी पुढची तपासणी हवी.

यात प्लेटलेट्स कुठून आल्या? लिव्हर कडक झालं की त्यातून रक्त नीट पुढे जात नाही, मागे दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट्स तिथे अडकून पडतात.

पण हा स्कोअर धोका नाकारण्यात पक्का, सिद्ध करण्यात कच्चा आहे. पस्तिशीच्या आत त्यावर विसंबता येत नाही. पासष्टीनंतर वयामुळेच आकडा फुगतो, म्हणून तिथे १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात. आणि नुकताच डेंग्यू होऊन गेला असेल तर प्लेटलेट्स घसरलेल्या असतात, तेव्हा गणित करूच नका. आकडा जास्त आला तर डॉक्टर फायब्रोस्कॅन सांगतात. 'ईएलएफ' नावाची रक्ततपासणीही आहे. व्रण तयार होताना रक्तात येणारे तीन घटक ती मोजते.

हे आत्ताच का सांगतोय? कारण मार्च २०२४ पर्यंत या आजारावर अमेरिकेत एकही मंजूर औषध नव्हतं. तेव्हा रेस्मेटिरॉम आलं, ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडलाही परवानगी मिळाली. दोन्ही मध्यम ते गंभीर फायब्रोसिस असलेल्यांसाठी, सिरोसिस व्हायच्या आधी. म्हणजे माणूस वेळेत सापडायला हवा. भारत सरकारनेही २०२१ मध्ये फॅटी लिव्हरला राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात घेतलंय.

'फुल बॉडी चेकअप'मध्ये हे चारही आकडे लॅबकडे असतातच. त्याखाली फिब-४ ची एक ओळ छापायला वेगळं रक्त लागत नाही. तोवर कॅल्क्युलेटर काढा, चाळिशी ओलांडलेल्या किंवा डायबिटीस असलेल्या घरच्यांचा जुना रिपोर्ट शोधा आणि आलेला आकडा डॉक्टरांना दाखवा.