मागच्या बाजूला नाव लिहा
साप्ताहिक स्तंभ : दप्तरखाना

ज्यूंच्या संहाराची जी छायाचित्रे पुस्तकांत आणि माहितीपटांत पुन्हा पुन्हा दिसतात, त्यांतली कितीतरी मारणाऱ्यांनीच काढून घेतलेली आहेत. हात वर करून उभा असलेला, डोक्यावर टोपी घातलेला वॉर्सातला लहान मुलगा आपल्याला माहीत आहे तो युर्गेन श्ट्रोप या नाझींच्या एसएस दलातल्या अधिकाऱ्यामुळे. 1943 साली ज्यूंची बंदिस्त वस्ती उद्ध्वस्त करून त्याने वरिष्ठांसाठी जो अहवाल बांधून घेतला, त्यातले ते एक पान. उरलेली बरीच चित्रे 1945 मध्ये छावण्यांत शिरलेल्या दोस्त सैन्यासोबतच्या छायाचित्रकारांची. त्यांचा हेतू अगदी वेगळा होता आणि त्यांच्या कामाची गरज मोठी होती. पण दोन्हीकडे माणूस दिसतो तो त्याचे सगळे हिरावून घेतल्यानंतरचा. तो कोणाचा कोण, कुठल्या गावचा, काय धंदा करायचा, हे चित्र सांगत नाही. माझे म्हणणे असे की, छायाचित्र पुरेपूर पुरावा होते ते त्यातल्या चेहऱ्याला कोणीतरी नाव दिल्यावर. आणि हे काम केवळ युरोपातले नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर ते अर्धवट पडले आहे.

लिली याकोबची हकिगत या दृष्टीने नीट पाहण्यासारखी आहे. कार्पेथियन डोंगरातले तिचे बिल्के गाव तेव्हा हंगेरीच्या ताब्यात होते. मे 1944 मध्ये, अठरा वर्षांची असताना, तिला घरच्यांसह ऑशविट्झला नेले. पुढच्या एप्रिलमध्ये तिची सुटका झाली ती शेकडो किलोमीटर दूरच्या डोरा छावणीत. तिथे एसएसच्या रिकाम्या बराकीतल्या एका कपाटात तिला एक अल्बम सापडला. उघडला तर आत ऑशविट्झचा फलाट, तिच्या गावचे रब्बी आणि तिचे दोन धाकटे भाऊ. अल्बम करणाऱ्याने त्यात मथळे घातले होते, पण ते कसे? अजून कामाला उपयोगी असलेले पुरुष, कामाला निरुपयोगी स्त्रिया आणि मुले. वर्गवारी चोख होती आणि नाव एकाचेही नव्हते. नावे घातली ती लिलीने, आणि पुढच्या वर्षांत तिच्याकडे तो अल्बम पाहायला येणाऱ्या इतर वाचलेल्यांनी. 1964 च्या डिसेंबरात ती ऑशविट्झच्या कर्मचाऱ्यांवर फ्रँकफर्टला चाललेल्या खटल्यात साक्षीला गेली तेव्हा सोबत हा अल्बम होता. न्यायालयापुढे छळछावणीचा कारभार मांडताना त्याचा उपयोग झाला. 1980 साली तिने तो जेरुसलेमच्या याद वाशेम संग्रहालयाला देऊन टाकला. चित्रे मारेकऱ्यांची होती. ती त्यांच्याच विरुद्ध उभी राहिली, कारण ओळखणारे डोळे अजून जिवंत होते.

याहून मोलाची मला वाटतात ती संहाराच्या आधीची घरगुती छायाचित्रे. लिथुएनियातल्या एशिशोक गावचे आणि आसपासचे सुमारे साडेतीन हजार ज्यू सप्टेंबर 1941 मध्ये अवघ्या दोन दिवसांत गोळ्या घालून मारले गेले. त्याच गावच्या याफा एलियाख यांनी पुढे देशोदेशी फिरून गावकऱ्यांचे फोटो जमवले. सहली, लग्ने, शाळेचे वर्ग, बर्फावर घसरणारी पोरे. वॉशिंग्टनच्या ज्यू संहाराच्या स्मृतिसंग्रहालयात 1993 पासून त्या फोटोंचा तीन मजली उंच मनोरा उभा आहे. ते टिकले कसे, हे विसरू नये. गावातल्या स्टुडिओत काढलेल्या प्रती लोकांनी अमेरिकेला, पॅलेस्टाइनला गेलेल्या नातलगांना टपालाने पाठवल्या होत्या. घरात राहिलेल्या बहुतेक गेल्या, बाहेर पाठवलेल्या राहिल्या. ही चित्रे पाहिल्यावर ‘साडेतीन हजार’ हा आकडा वाचणे अवघड होते. ते अवघड व्हायलाच हवे.

आता आपल्याकडे पाहू. रत्नागिरीकडून बाणकोटची खाडी ओलांडली की श्रीवर्धन, दिवेआगर, पुढे रेवदंडा, अलिबाग, पेण. बेने इस्राएलींचा, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा, हा जुना मुलूख. नवगावजवळ फुटलेल्या, त्यांच्या पूर्वजांच्या गलबताची कथा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनवार तेली’ आपल्याला ऐकून माहीत आहेत. दिवेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर ही आडनावे तर आपलीच. 1948 साली भारतात या समाजाची वीसेक हजार माणसे होती. आज उरली आहेत ती चार-पाच हजार, बहुतेक मुंबई-ठाणे आणि रायगडात. बाकीच्यांनी स्वतःहून इस्राएलची वाट धरली आणि जाताना फोटोही नेले. नऊवारी नेसून, गळ्यात मंगळसूत्र घालून बसलेल्या आज्या, पलटणीच्या गणवेशातले सुभेदार, पाटीवर इयत्ता लिहिलेले शाळेचे वर्ग. मागे चार शब्द लिहिलेले असले तर ते बहुधा मराठीत. तिथल्या नातवंडांना ते वाचता येत नाहीत आणि इथल्या शेजाऱ्यांकडे उरलेल्या प्रतींवरचे चेहरे इथल्या नव्या पिढीला ओळखता येत नाहीत. ओळखणारे आणि वाचणारे समुद्राच्या दोन अंगांना आहेत, आणि दोघांचीही वये झाली आहेत.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. ज्यांना इथे कोणी हात लावला नाही, त्यांचा विषय छळछावण्यांच्या शेजारी मांडणे म्हणजे त्या मृतांचा अवमान नव्हे काय? दुःखाची तुलना मी करत नाही आणि करूही नये. साम्य आहे ते पुराव्याच्या अवस्थेत. छळ झाला नाही म्हणून नावे हरवण्याचे मोल द्यावे लागत नाही, असेही नाही. 1960 च्या दशकाच्या आरंभी इस्राएलच्या धर्मपीठाने बेने इस्राएलींच्या लग्नाआधी त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी सुरू केली. कोकणातून गेलेल्या माणसांना आपली आजी कोण, पणजी कोण हे दाखवायची पाळी आली. त्यांनी रस्त्यावर उतरून झुंज दिली. 1964 मध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. शिवाय कोकणातल्या या फोटोंना एक मोल आहे, जे युरोपातल्या चित्रांना असू शकत नाही. ज्यू कुटुंब शेजाऱ्यांत निर्धास्त राहिले तर पिढ्यानपिढ्या कसे दिसते, ते त्यांत दिसते. एशिशोकलाही तसेच दिसत राहिले असते.

दुसरा आक्षेप असा की, हे ज्याच्या त्याच्या समाजाने करावे. समाजाने केलेही आहे. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी बेने इस्राएलींचा इतिहास 1897 मध्येच लिहून ठेवला होता. तो छापला गेला मात्र 1937 साली, तेल अवीवमध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर. आंबा घाट चढून कोल्हापूरला गेले की दुसरे उदाहरण भेटते. सोव्हिएत श्रमछावण्यांतून आणि हद्दपारीतून सुटलेले पाचेक हजार पोलिश निर्वासित, बहुतेक कॅथलिक, 1943 ते 1948 वळिवड्याला राहिले. पुढे त्यांच्याच संघटनेने आठवणींचा आणि छायाचित्रांचा जाडजूड ग्रंथ काढला. पण तो निघाला तेव्हा वळिवड्यात मुले म्हणून वाढलेले लोक सांगायला हयात होते. बेने इस्राएलींच्या बाबतीत तर निम्मी आठवण शेजाऱ्यांकडे आहे. शाळेच्या फोटोत ओळीतला तिसरा मुलगा कोण, हे त्याच्या शेजारी बसलेल्या वर्गमित्राला जास्त ठाऊक असते. 2016 मध्ये महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तो कागदावर हवाच होता, पण तो वर्गमित्र सरकारी ठरावात सापडत नाही.

घरचे फोटो बाहेर का द्यावेत, ही तिसरी शंका मला सगळ्यांत जड वाटते. कुणाच्या आजीचा चेहरा कुणाच्याही मोबाइलवर फिरावा असे मी म्हणणार नाही. म्हणूनच मूळ प्रत घरीच राहू द्यावी. नक्कल आणि नावांची वही मात्र एखाद्या सार्वजनिक वाचनालयात ठेवावी, आणि कोणाला काय दाखवायचे हे घरच्यांनी ठरवावे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय 1828 पासून चालू आहे. खाडीपलीकडच्या वाचनालयांना सोबत घेऊन त्याने हे अंगावर घ्यावे. वही लिहिताना एक पथ्य पाळावे लागेल. या समाजात एकाच माणसाची दोन नावे चालत आली आहेत. मुंबईचे पहिले सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आपल्या लोकांत सामाजी हसाजी होते. दोन्ही नावे, गाव, आळी, नाते, फोटो काढल्याचे अंदाजे साल आणि हे सगळे सांगणाऱ्याचे नाव, एवढे प्रत्येक फोटोमागे पेन्सिलने लिहून घ्यायचे. शाई उलट्या बाजूला उमटते. या मे महिन्यात सुट्टीला माणसे गावी येतील, तेव्हापासून सुरुवात करता येईल.